त्रिशूळवाली

सराफ्यात दिवसा चांदी वितळते आणि रात्री तूप.
छाजेडांचं शटर अर्ध्यावर येतं,
त्यांच्याच ओट्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते,
त्या मधल्या दहा मिनिटांत माझा सौदा.
"बाई, मुशीत जायच्या आत तीन काढून ठेवलेत."

तीस वर्षं होळकर कॉलेजच्या प्रयोगशाळेत
पोरांना घनता शिकवली.
निवृत्त होताना शाल दिली, नारळ दिला;
मी मागितला तो जुना तराजू नाही दिला,
तो डेडस्टॉक रजिस्टरात होता.
मी नव्हते, म्हणून सुटले.

आता स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी घेते,
डॉलर दोऱ्याने टांगते, बुडवते,
हवेतलं वजन, पाण्यातलं वजन, कागदावर भागाकार.
दहा पूर्णांक तीन आलं की चांदी खरं बोलतेय.
आठच्या घरात आलं की जर्मन,
आणि मी छाजेडांना दोन दिवस फोन करत नाही.

माझ्याकडे मेक्सिकोचा एक गरुड आहे,
एकोणीस वेळा ठोकलेला.
चीनच्या बंदरांतल्या पारख्यांच्या खुणा,
तांदळाच्या कणीएवढ्या, एकावर एक:
पाहिला. वाजवला. चालेल.
गरुडाला डोळा उरला नाही, पत उरली.
त्या पारख्याला तिकडे 'श्रॉफ' म्हणत,
आपलाच सराफ,
समुद्र ओलांडताना थोडा भिजलेला.
माळव्यातून अफू गेली, तिकडून अशी चांदी आली.
या गल्लीत कुणाकुणाच्या पायाभरणीत ती आहे
ते मी विचारत नाही.
कचोरी खाते, घरी जाते.

मंगळवारी मानपूरकडची भुरीबाई आली होती.
काळ्या दोऱ्यातून तिनं तो काढला,
वर कडी डाखलेली, कडेला भोक.
मुंबईच्या टांकसाळीत चीनसाठी पाडलेला डॉलर,
निदान दिसायला तोच:
शिरस्त्राण घातलेली बाई, हातात ढाल,
मागे एक जहाज, आणि उभा त्रिशूळ.
भोक पडलेला म्हणजे आमच्या लोकांत बाद.

"माताजी आहे," ती म्हणाली.
आजीच्या गळ्यात होती, मग आईच्या.
दिवाळीला कुंकू लावतो, धूत कधी नाही,
धुतली की निघून जाते.

(आमच्याही पंथात हाच नियम आहे,
नाणं धुवायचं नाही. कारण वेगळं सांगतात.)

त्रिशूळाच्या मधल्या टोकावर
बारीक 'बी' असायला हवा.
मी भिंग लावलं.
तिथे कुंकू होतं, किती दिवाळ्यांचं कोण जाणे,
काळं पडलेलं, दगडासारखं घट्ट.
वाजवून पाहिलं तर कडीमुळे आवाज बसका.
छाजेडांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला,
"बुडवा की बाई. तुमचंच तर शास्त्र."

भुरीबाई पेल्याकडे बघत होती.
बोअरची मोटर जळली होती तिची,
इंदूरची बस पकडताना तिनं चप्पल तुटकी घातली होती
आणि पेल्याकडे ती अशी बघत होती
जसं कुणी पोराच्या एक्स-रेकडे बघतं.

मी पेला उचलला आणि पिऊन टाकला.

भाव लावला सत्तावीस ग्रॅमचा,
भोक धरून.
छाजेड हसले नाहीत; त्यांनी कढईवाल्याला
उगीच मोठ्यानं हाक मारली.

घरी डबीत ठेवताना अंगठ्याला लाली लागली.
हातमोजे होते, कपाटात.
एकोणीस खुणांचा गरुड आणि ती
आता एकाच फलाटीनमध्ये आहेत,
तिच्या कागदावर घनतेची जागा कोरी.

कधी रात्री पातेलं भरते,
दोरा बांधते,
ती पाण्यावर बोटभर उंच फिरत राहते,
एकदा बाई, एकदा चिनी अक्षरं, पुन्हा बाई.
मग दोरा सोडते
आणि त्याच पाण्याचा चहा ठेवते.